एमएचटी-सीईटी फिजिक्स: गणिती प्रश्नांचा वेग कसा वाढवावा? मदत हवी आहे

फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. केमिस्ट्री ३५ मिनिटांत उरकते, म्हणजे फिजिक्सच्या ५० प्रश्नांना ५५ मिनिटे, प्रश्नामागे ६६ सेकंद. सराव पेपरमध्ये ३८-४० प्रश्नच होतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून उरलेल्यांवर अंदाजाने खुणा करते, पण ते गुण हक्काचे नाहीत.

सूत्रे पाठ आहेत. वेळ जातो तो रोटेशनल डायनॅमिक्स, एसी सर्किट आणि तारेच्या कंपनांत. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून किमती न घालता गुणोत्तर मांडते, एककांवरून पर्याय गाळते. तरी घाईत फसते: तारेचा ताण २१ टक्के वाढला तर वारंवारता १० टक्के वाढते (१.२१ चे वर्गमूळ १.१), पण निम्मे करण्याच्या सवयीने १०.५ वर खूण होते, आणि तोही पर्याय तिथे असतोच!

बारावीचा अभ्यासक्रम पूर्ण, अकरावीची एक उजळणी झालेली. क्लास नाही. रोज दोन तास, हातात सहा आठवडे.

आता धडानिहाय प्रश्न सोडवत राहू की रोज ५० मिश्र प्रश्न घड्याळ लावून? आणि पहिल्या फेरीत प्रश्न किती सेकंदांनी सोडून पुढे जावे?