ललितेतर घ्यायचं तर आधी आपल्या मातीचं

पऱ्हाटी (दारव्हा)
आमच्या गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाच्या, वाचनालयाची खरेदीची यादी ठरते आहे. कादंबऱ्यांवर वाद नाही, त्या वाचल्या जातात. वाद बाकीच्या पुस्तकांवर आहे. कपाटात आजवर आलेली बहुतेक ‘यशस्वी कसे व्हाल’ छापाची. माझं मत असं की ललितेतर घ्यायचं तर आधी विदर्भावरचं घ्यावं. आपल्या जिल्ह्याबद्दल मुंबई-दिल्लीचा माणूस वाचतो आणि आपण वाचत नाही, हे मला सहन होत नाही.

नुकतंच मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंडांचं गाव. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. एवढं पेपरात येऊन गेलं. पुस्तकातून कळतं ते त्यामागचं: गावात अभ्यासगट बसायचा, माहिती घेतली जायची, आणि निर्णय बहुमतानं नाही तर सगळ्यांच्या सहमतीनं. आमच्याकडे ग्रामसभेला कोरम भरत नाही, म्हणून हे पुस्तक प्रत्येक पंचाच्या हातात द्यावंसं वाटतं. दुसरं जयदीप हर्डीकर यांचं ‘रामराव’ (२०२१), मी इंग्रजीतून वाचलं. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा शेतकरी, विष घेऊन वाचलेला. तो मेला नाही, म्हणून त्याचं पुढचं जगणंही लिहिलं गेलं. तुम्ही काय सुचवाल?

कास्तकार (पांढरकवडा)
भाऊ, मेंढ्याचं ठीक हाये. पण ‘रामराव’ कायले? २०१७ साली कीटकनाशकाच्या फवारणीनं आपल्याच जिल्ह्यात माणसं मेली, तवा मी दवाखान्यात नातेवाईकापाशी रात्री काढल्या. थे दुःख मले पुस्तकात पाहाचं नाई. आपल्यावर लिवलेलं म्हंजे दर बखत कर्ज, आत्महत्या, विधवा. लेकरू वाचनालयात जाते थे दुसरं काई पाहाले जाते. त्याले तारे दाखवा, समुद्र दाखवा. घरचं त्याले घरी दिसतेच.

बांधावरून (अर्जुनी मोरगाव)
दादा, तुमचं दुःख कळतं. पण आपल्यावरचं म्हणजे दुःखाचंच, हे पटत नाही. मारुती चितमपल्ली यांचं ‘चकवाचांदण’ उघडून बघा. सोलापुरात जन्मलेला वनाधिकारी, आणि आमचं नवेगावबांध, नागझिरा, तुमच्याकडचं मेळघाट पायाखाली घातलेला. पारध्यांकडून, गोंडांकडून तो पाखरांची नावं शिकतो आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं ऋण मानतो. आमच्या तलावावर लहानपणापासून जातो, पण तिथल्या पक्ष्यांकडे नीट बघायला या पुस्तकानं लावलं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ही घ्या, ते आकारानं लहान आहे, नववी-दहावीचं पोरगंही पूर्ण करेल.

खंत एकच. दोघंही बाहेरून आलेले. धानाच्या शेतीवर, मामा (मालगुजारी) तलावांवर, ढिवरांच्या मासेमारीवर आमच्यातला कोणी असं का लिहीत नाही?

जलंबचा डबा (खामगाव)
पऱ्हाटी भाऊ, ‘आधी आपलं’ ही अटच मला मान्य नाही. आपल्यावर जे आलं ते बाहेरून आलं, म्हणून बाहेरचं वाचल्याशिवाय आपलं कळत नाही. स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४) वाचलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि इंग्रजांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे आणखी जोरात मोर्चा वळवला. १८७० मध्ये आमच्या खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. युद्ध संपल्यावर भाव पडले, पण कापूस राहिला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात याच सुपीक वऱ्हाडात माणसं भुकेनं मेली. लक्ष्मण सत्या यांचं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७; बेरार म्हणजे वऱ्हाड) नेमकं यावरच आहे. आज भाव का पडला हे सांगायला ‘रामराव’ एकटा पुरत नाही.

आणि पत्रकार पी. साईनाथांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ घ्या. त्यात कालाहंडी आहे, पालामू आहे, सरगुजा आहे. महाराष्ट्रातला एक जिल्हा नाही. तरी वाचताना आपलाच तालुका दिसतो.

पऱ्हाटी (दारव्हा)
इतिहास मोलाचा, खरं आहे. पण ते इंग्रजी जाडजूड पुस्तक आमच्या गावात उघडणार कोण? अनुदान तुटपुंजं आहे. जे कपाटात पडून राहील ते मी घेणार नाही.

जलंबचा डबा (खामगाव)
‘रामराव’ तुम्ही इंग्रजीतूनच वाचलंत ना? मग तुम्ही उघडा. एक जण वाचेल आणि रविवारी संध्याकाळी पारावर एक-एक प्रकरण सांगेल. मेंढ्याचा अभ्यासगट तुम्हाला आवडला, तो कपाटावर नाही, माणसांच्या बोलण्यावर चालतो.

अभ्यासिका (पुसद)
आम्हाला स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच हवीत असं सगळे धरून चालतात. परीक्षेबाहेरचं वाचायला मिळालं तर मी खामगावच्या भाऊंच्या बाजूनं. गावाबाहेर पडायचं आहे, मला बाहेरचं जग वाचायचं आहे.

आशाताई (मूल)
एवढी पुस्तकं झाली, त्यात बाईनं लिहिलेलं एक नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) घ्या. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. पांढरकवड्याच्या दादांना सांगते, यात सोसणं आहे, पण त्या बाया मंचावर उभ्या राहून बोलतात. सोबत कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’. संस्कृत शिकलेली नागपूरची दलित बाई, आणि नोकरी मागायला गेली की तिची जात बघणारे लोक. आमच्या बचत गटात यातला एक लेख मोठ्यानं वाचला. त्या दिवशी निंदणाहून दमून आलेल्या बायका उठायला तयार नव्हत्या.

कास्तकार (पांढरकवडा)
ताई, हे पुस्तक सांगतलं थे बरं केलं. माही पोरगी बारावीले हाये, तिले देतो. चितमपल्लींचंही आणू. मेंढ्याचं तं मी सोता वाचीन, आमच्या गावातही जंगलाचा दावा अडकून हाये. पण ‘रामराव’ आमच्या वाचनालयात मी येऊ देणार नाई, पऱ्हाटी भाऊ. समितीत मत मांडाले मी उभा रायतो.

पऱ्हाटी (दारव्हा)
मांडा दादा. मीही आमच्या समितीत ‘रामराव’च्या बाजूनं मांडीन. तुमच्या पोरीला दोन्ही ऐकू द्या.