सायकलवर हात बसताना : तुमचे अनुभव सांगा

शाळेत सायकल चालवलेली असली, तरी वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सीटवर बसलं की आपण नवशिकेच असतो. पुण्यात नवी सायकल घेतल्यावर मी ज्याला त्याला विचारत होते, रहदारीची भीती कशी गेली म्हणून. 'होईल सवय' एवढंच उत्तर मिळायचं. मला वाटतं, सवय आपोआप होत नाही. भीतीच्या पोटात आपल्याला न येणारी एखादी नेमकी गोष्ट असते. ती वेगळी काढून मोकळ्या जागी घोटली की भीती उतरते. म्हणून हा धागा. तुम्हाला काय येत नव्हतं, ते कुठे आणि कसं जमलं, हे तपशिलात लिहा. वय, वेग, अंतर काहीही असो.

माझ्यापासून सुरुवात करते. मला चालत्या सायकलवर मागे वळून बघता येत नव्हतं. मान उजवीकडे वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात, आणि हँडल नेमकं गाड्यांच्या दिशेला ओढलं जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या पट्टीवरून मी पुढे जायचे, भाचा मागे उभा राहून बोटं वर करायचा आणि मी वळून किती ते सांगायचे. बघण्याआधी उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा आणि हनुवटी खांद्याकडे न्यायची, ही युक्ती लागू पडली. डाव्या हाताची पकड सैल ठेवायची. पट्टीवरून चाक हलेनासं झालं, मगच मी मोठ्या रस्त्यावर गेले. आता सिंहगड रस्त्यावर उजवीकडे वळायचं असलं की आधी बघते, मग हात दाखवते, मग पुन्हा बघते आणि वळते.

नाशिकहून, वय ५८

ताई, तुम्ही पुन्हा शिकलात, मी पहिल्यांदाच शिकले. आमच्याकडे सायकल भावांची असायची. ते तासाच्या भाड्याने आणायचे आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे. आम्ही बहिणी मागे पळायचो. निवृत्तीनंतर सुनेने मनावर घेतलं. तिने पान्याने दोन्ही पायडल काढूनच टाकले. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो.) सीट इतकी खाली केली, की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकावेत. मग मैदानाच्या बारीकशा उतारावर पायांनी ढकलत जायचं. मागून कुणी धरायचं नाही, कारण धरलं की तोल धरणाऱ्याच्या हातात राहतो. आधी पावलं छोटी पडत, मग लांब पडू लागली, आणि एकदा दोन्ही पाय वर राहिले तरी सायकल चालतच राहिली. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या खाली येतात, असं सून सांगत होती ते तेव्हा अंगात भिनलं. पायडल लावल्यावर फारसं काही शिकायचं उरलं नव्हतं.

आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, सुमारे ४८०० किलोमीटर. तेव्हा पेपर हातात घेऊन मी हरखून गेले होते. आता गंगापूर रोडला भाजी आणायला मी सायकलनेच जाते, आणि मला तोच आनंद होतो.

बोपदेव घाटातला एक

काकू, दंडवत तुम्हाला!

माझी अडचण चढाची होती. पुण्यात शिकाऊ सायकलस्वाराला कुणीही बोपदेवला जा म्हणून सांगतं, आणि तो सल्ला खरा आहे. घाट लहान आहे, पण सोपा नाही. पायांत ताकद कमी पडतेय असं मी समजत होतो. बरोबरच्या एका काकांनी मला चढ सुरू होण्याच्या बरंच आधी हलका गिअर टाकायला लावला. पायडलवर जोर असताना गिअर बदलला की साखळी करकरते, कधी उतरते. जोर कमी असतानाच ती मागच्या मोठ्या चक्रीवर गुपचूप चढते. सपाटीवर मिनिटाला ८०-९० फेरे पाय फिरावेत, चढावर त्याहून कमी चालतील, पण गुडघ्याने रेटत राहायचं नाही. बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा. त्याच दिवशी सीटही वर घेतली. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हावा, मग चवड्याने पायडल मारताना तो जरासा वाकलेला राहतो. इतके दिवस मांड्या भरून यायच्या त्या सीट खाली असल्यामुळे.

उतार हा वेगळाच विषय. पुढच्या ब्रेकला सगळे घाबरतात, पण सायकल थांबवण्याची जास्त ताकद त्यातच असते, कारण ब्रेक लागला की भार पुढे येतो. दोन्ही ब्रेक हळूहळू आवळायचे, अंग मागे सरकवायचं, आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात बाहेरच्या बाजूचा पायडल खाली. नजर दरीकडे गेली की सायकलही तिकडे निघते, म्हणून जिथून बाहेर पडायचं तिथे बघायचं.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पाऊस सगळं शिकवतो. रिमचे ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला घासणारे) ओले असताना सुरुवातीला नुसतं पाणी पुसतात, मग धरतात. म्हणून थांबायच्या बरंच आधीपासून हलकेच लावून ठेवायचे. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर वळायचं नाही, ब्रेकही मारायचा नाही. टायरमध्ये हवा किंचित कमी.

नेदरलँड्सच्या उट्रेक्टमधून

इथे सगळेच सायकलवर, त्यामुळे नवखेपण जास्त बोचतं. आजूबाजूने शाळकरी मुलं हात सोडून जात असतात! माझी पहिली सायकल उलटा पायडल मारला की ब्रेक लागणारी होती. सिग्नलला थांबलं की पायडल मागे फिरवून हवा तसा आणता येत नाही, म्हणून थांबतानाच उजवा पायडल वर येईल असं बघायची सवय लावून घेतली. वाहतूक उजवीकडून. जमिनीवर पांढरे त्रिकोण आपल्याकडे टोक करून असतील तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. इथल्या प्राथमिक शाळांत मुलांची वाहतुकीची परीक्षा असते, प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. लेकीच्या तयारीसाठी तिच्यामागून फिरताना मीही तिच्याबरोबरच शिकत गेले. हात दाखवण्याआधी बघायचं, हे तीच मला बजावायची. आपल्याकडच्या शाळांतही हे व्हावं असं फार वाटतं.

वर्ध्याहून

मला चालवायला येत होतं, पण लांब जायचा धीर होत नव्हता. कारण एकच, बाभळीचा काटा. दुकान कुठे असेल नसेल. शेवटी गावातल्या पंक्चरवाल्या भाऊंकडे बसून शिकलो. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवर कुठे आहे ते ध्यानात ठेवायचं. ट्यूबला भोक सापडलं की ती टायरशेजारी धरायची, म्हणजे काटा टायरमध्ये कुठे असेल ते कळतं. टायरच्या आतून बोटं नव्हे, फडकं फिरवायचं. काट्यापाशी ते अडकतं. काटा तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर तीही जाणार. आता पिशवीत एक ट्यूब, टायर उचकटायच्या दोन लिव्हर आणि छोटा पंप असतो. त्या पिशवीच्या भरवशावर मी पवनारच्याही पुढे जातो.

ठाण्याहून

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून तासाला पंधराच्या आसपास सरासरी लागते, म्हणजे वेगाचं दडपण घ्यायचं कारण नाही. मला खरं शिकावं लागलं ते खाणं. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. गादीवाली चड्डी आतले कपडे न घालता वापरायची, हेही कुणी आधी सांगत नाही.

कोल्हापूरहून

ताई, मागून हॉर्न वाजला की मी बिचकून एकदम कडेला जाते. काय करू?

धागाकर्ती

अगं, मुळात अगदी कडेला चालवूच नकोस. कडेला वाळू असते, काचा असतात, गटाराच्या जाळ्या असतात, शिवाय उभ्या गाडीचं दार कधीही उघडतं. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालव, म्हणजे मागच्याला आपला अंदाज येतो आणि बिचकलीस तरी जायला जागा उरते. रविवारी सकाळी रंकाळ्याच्या बाजूला रहदारी कमी असताना, हॉर्न ऐकू आला की हँडल न हलवता फक्त कोपर सैल सोडायचे, एवढंच घोट. कसं जमतंय ते इथेच लिही.