लेहच्या थंडीत बांधकामावर कोणता हीटर घ्यावा?

प्रश्न: लेहजवळ सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आमचे काम चालू आहे. ताडपत्रीखालचे ताजे काँक्रीट ऊबदार राहावे आणि पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांनाही ऊब मिळावी, यासाठी एकच फिरता हीटर घ्यायचा आहे. गॅसवरचा घ्यावा की डिझेलवरचा?

प्रतिसाद १: गॅसचा विचार सोडावा. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन बरेच असते आणि शून्य अंशाखाली त्याची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे सिलिंडर जड लागतो, पण पहाटे ज्योत मात्र मिणमिणते. डिझेलच घ्यावे, फक्त साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून लडाखमध्ये २०१९ साली आलेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल भरावे.

प्रतिसाद २: इंधनापेक्षा धूर कुठे जातो, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याचा धूर गरम हवेतच मिसळतो असा हीटर स्वस्त पडतो, परंतु त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागते. बंद शेडमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, आणि त्याला वासही नसतो. धुराडे बाहेर काढता येईल असाच हीटर घ्यावा.

प्रतिसाद ३: सहमत. शिवाय तिथे हवा विरळ असल्याने बर्नर काजळी धरतो. त्या उंचीसाठी तो जुळवून मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. धुराड्याचा डिझेल हीटरच पाहतो.