ईव्हीएमवर भांडायचंच असेल तर नेमकं कशावर?

घाटमाथा:
महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निकालापासून तेच दळण चालू आहे. एक गट म्हणतो मशीन हॅक झालं, दुसरा म्हणतो हरलात म्हणून रडताय. मग मारकडवाडी (मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायला निघालेलं गाव), मग जर्मनी, आणि शेवटी एकमेकांची अक्कल. पक्ष बाजूला ठेवून कुणी सांगेल का, की यात पडताळण्यासारखा कागद कोणता, तो कुणाच्या हातात असतो आणि प्रत्येक मतदारसंघात पाच व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापून काचेआड दाखवणारं यंत्र) मोजून नक्की काय सिद्ध होतं?

वाटाड्या:
कागद म्हणजे फॉर्म १७सी, भाग १. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष 'क्लोज' बटण दाबतो, कंट्रोल युनिटवर (मतं साठवणारं यंत्र) दिसणारी एकूण मतं फॉर्मवर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला (उमेदवाराच्या प्रतिनिधीला) त्याची प्रत देतो. निवडणूक संचालन नियमांतला ४९एस. मोजणीच्या दिवशी टेबलावर ते युनिट आलं की त्याचा क्रमांक, सीलचे क्रमांक आणि एकूण मतं त्या प्रतीशी ताडायची, मगच 'रिझल्ट' दाबू द्यायचं.

घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. सकाळी किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो. तो 'क्लिअर' करायचा राहिला की ती मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि १७सीशी आकडा जुळत नाही. असं युनिट बाजूला ठेवतात. जिंकणाऱ्याची आघाडी त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी असेल तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात.

पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान आणि शेवटी ६६.०५ टक्के, हा वादही १७सीवरच सुटतो. पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो. सहा वाजता जे रांगेत आहेत त्यांना मागच्या टोकापासून पुढे येत क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, मग त्यांचं मतदान होतं. वाढ खोटी म्हणायची तर केंद्रवार १७सी समोर ठेवा. आणि इथेच गोची आहे: एजंटच बसवला नसेल तर प्रत मिळणार कुणाला?

तिरकीट:
वाटाड्या, बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर झाली असं नाही. १७सी भाग १ मध्ये फक्त एकूण मतं असतात. कुणाच्या नावावर किती गेली ते त्यात नसतंच.

"मशीनला पक्ष कळत नाही" हे जुनं उत्तरही आता अर्धंच लागू पडतं. बॅलट युनिटची (मतदार बटण दाबतो ते) वायर व्हीव्हीपॅटला जाते आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. व्हीव्हीपॅटमध्ये नावं आणि चिन्हं सिम्बॉल लोडिंग युनिटने भरलेली असतात. म्हणून सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला ही लोडिंग युनिटं निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून ५ टक्के मशीन तपासून घ्यायची मुभाही दिली. पण २०२४ मध्ये एका संचाला ४७,२०० रुपये भरायचे आणि मिळायचं काय, तर आधीचा डेटा काढून पुन्हा मॉक पोल! फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टालाच सांगावं लागलं की डेटा पुसू नका.

आकडेमोड:
पाच व्हीव्हीपॅटचा हिशोब मांडतो. राज्यात एक लाखाच्या वर केंद्रं, जागा २८८, म्हणजे एका जागेला साधारण ३५०. त्यातली १० केंद्रं बिघडवली असतील तर चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाचांत त्यातलं एखादं तरी येण्याची शक्यता फक्त १३-१४ टक्के. ३५ बिघडवली तर ४१ टक्के. तेव्हा एकाच चुरशीच्या जागेसाठी पाच हा आकडा तुटपुंजाच.

आता राज्यभराचं बघा. हाच १०-१० केंद्रांचा खेळ ३० जागांवर केला तर एकही न सापडण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का. महाराष्ट्रात १,४४० व्हीव्हीपॅट मोजले आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार एकातही फरक नव्हता. "अख्खं राज्य मशीनमधून फिरवलं" याला हे सणसणीत उत्तर आहे. "आमच्या एका जागेवर काहीच झालं नाही" याला नाही. दोन्ही बाजू नेमकी उलटी वाक्यं बोलतात.

एक पळवाट राहतेच. चिठ्ठीच चुकीची छापली आणि ७ सेकंदांत मतदाराने ती पाहिली नाही, तर मोजणी तंतोतंत जुळेल. म्हणून मत दिलं की काचेकडे बघा. चुकीचं नाव दिसलं तर ४९एमए खाली तिथेच लेखी तक्रार करता येते, मग हजर असलेल्या एजंटांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे, त्यामुळे कुणी फारसं पुढे येत नाही.

उजवीकडून_दुसरा:
मी सत्ताधाऱ्यांचा मतदार, तरी आकडेमोड यांच्याशी सहमत. जर्मनीबद्दल मात्र अर्धवट सांगू नका. मार्च २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मशीन नाकारलं ते सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय मोजणी पडताळता येत नव्हती म्हणून. २००५ ची निवडणूक रद्द केली नाही. आणि कागद नसलेलं ते मशीन आपल्या व्हीव्हीपॅटशी ताडून काय उपयोग?

आमच्या लोकांनीही जास्त ताठ होऊ नये. २००९ मध्ये मतपत्रिका परत आणा म्हणणारे अडवाणीच होते. व्हीव्हीपॅट आणा म्हणणारा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकालही सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवरचा.

मारकडवाडी माझ्या मते दोघांनीही सोडून द्यावं. गावाने स्वतः मतपत्रिकेवर मतदान घेतलं असतं तरी त्याला कायद्यात किंमत शून्य. आणि जमावबंदी लावून ते थांबवल्याने संशय वाढला तो वाढलाच.

तिरकीट:
हे मान्य. मग डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांच्या तपासणीबाहेर का काढल्या, यावर भांडू. तिथे हॅकिंग सिद्ध करावं लागत नाही.

वाटाड्या:
आणि महापालिकांवर. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नाहीच. बहुतेक महापालिकांत एका प्रभागात तीन-चार मतं द्यायची असल्याने जमत नाही, हे कारण. वर मांडलेला पाचांचा हिशोब तिथे लावायला चिठ्ठीच नाही.