मँडरिन मासा आणू का? टाकी तयार झाली हे ओळखायचं कसं?

खारंपाणी_मानेवाडा:
नमस्कार मंडळी, नागपुरातल्या मानेवाड्याहून लिहून राहिलो. माझी चार फुटी समुद्री टाकी नोव्हेंबरात लावली, दगड-रेती वजा जाता दोनशेक लिटर पाणी, २० किलो ड्राय रॉक (म्हणजे जीव नसलेले कोरडे दगड), खाली छोटा संप, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, आणि त्यात पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर. सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होणं, पाच आठवड्यात झाली. आज सकाळचे आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५, पीएच ८.२, सॅलिनिटी १.०२५, तापमान २६. दोन क्लाऊन मासे, एक सिक्सलाइन रॅस (छोटा पट्टेवाला मासा) आणि चार-पाच गोगलगायी आहेत, सगळे मस्त. मला दोन वर्षांपासून मँडरिन पाळायचाय. दुकानदार म्हणतो मुंबईहून माल येऊन राहिला, रविवारपर्यंत सांगा, तुमचे आकडे चांगले आहेत तर घेऊन टाका. पण मागच्या वर्षी माझ्या मित्राकडचा मँडरिन सहा आठवड्यांत सुकून मेला, मी जवळपास रोज जायचो पाहायला, तो काचेजवळ वाळूवर बसून राहायचा आणि पोट आत गेलेलं स्पष्ट दिसायचं. मित्राचेही आकडे असेच शून्य होते हो! ते डोक्यातून जात नाही. तर टेस्ट किट सोडून कशावरून ओळखायचं?

रीफवाला_धरमपेठ:
भाऊ, रविवारी नाही म्हणून सांगा. टेस्ट किटवर फक्त पाण्यात विष आहे की नाही ते कळतं, माशाला खायला काय आहे ते त्यात कुठं दिसते? मित्राचा मासा उपाशी मेला, पाण्यानं नाही मेला.
मँडरिन म्हणजे दिवसभर दगडावरून पॉड्स टिपत फिरणारा मासा. कोपेपॉड, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चिमूटभर टाकलं आणि झालं, हे त्याला चालतच नाही, क्लाऊनला चालते. ड्राय रॉकवर सुरू केलेल्या टाकीत पॉड्स आपोआप येत नाहीत, आले तरी कमी, ते बाहेरून आणून सोडावे लागतात आणि मग त्यांना वाढायला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच सगळे सहा महिने, वर्षभर थांबा म्हणतात.
आता तपासायचं कसं ते सांगतो. लाइट बंद झाल्यावर दीड-दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावा आणि मागच्या काचेचा खालचा कोपरा, वाळूला लागून असलेला, अगदी नाक टेकवून पाहा. पांढरे ठिपके झटके देत सरकताना दिसले पाहिजेत, आणि ते एकदोन नकोत, तळहाताएवढ्या जागेत मोजता मोजता कंटाळा यावा इतके पाहिजेत. दुसरं, भांडी घासायची प्लास्टिकची जाळी, नवी कोरी, साबण न लागलेली, दगडामागे दोन रात्री ठेवा आणि टाकीच्याच पाण्यात पांढऱ्या बाऊलमध्ये झटका. बाऊलमध्ये हालचाल दिसली तर बोलू.
आणि हो, तुमचा सिक्सलाइन! तोही दिवसभर पॉड्सच टिपतो. तो असताना मँडरिन आणणं म्हणजे एका ताटावर दोघं, आणि मँडरिन हळू आहे.

सोनेगाव_मरिन:
माझं थोडं वेगळं मत आहे. माझा मँडरिन फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) खातो, त्यामुळे पॉड्सचं इतकं टेन्शन घेऊ नका, दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर खाऊन दाखवला तर घ्या. टँक-ब्रेड, म्हणजे टाकीतच जन्मलेला, मिळाला तर अजूनच चांगलं, त्याला लहानपणापासून सवय असते.

रीफवाला_धरमपेठ:
दादा, खातो हे खरंच, पण दुकानात दोन तुकडे उचलले म्हणजे घरी क्लाऊनच्या गर्दीत पोट भरेल असं नसते. तुमची टाकी तीन वर्षं जुनी आहे, त्याचा मायसिस वरचा नाश्ता आहे, जेवण दगडावर होते. घ्यायचाच असेल तर आधी वरून पाहा, डोक्यामागे पाठीच्या दोन्ही बाजूंनी खळगा दिसला की तो मासा सोडून द्या, कितीही स्वस्त देवो.

मीनाक्षी_जरीपटका:
मला उन्हाळ्याबद्दल बोलायचंय, ते कोणीच बोललं नाही. फेब्रुवारीत २६ दाखवणारी टाकी मे महिन्यात काय दाखवते ते अजून तुम्ही पाहिलंच नाही. बाप्पा, पारा ४५ च्या वर जातो, दुपारी लाइट जाते, आणि पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. माझ्याकडे चिलर (पाणी थंड करायचं मशीन) नव्हता तेव्हा मी पाण्यावर पंखे लावायची, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यानं पाणी चांगलं थंड होते, पण दिवसाला सहा लिटर उडायचं. दोन दिवस टॉपअप, म्हणजे उडालेलं पाणी भरणं, राहून गेलं की सॅलिनिटी १.०२५ ची १.०२७ कडे. आणि टॉपअप गोड्या पाण्यानंच करायचं बरं का, खाऱ्या नाही. किचनच्या आरओचं पाणी घालत असाल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून घ्या, बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असते. जुलैत हवा दमट झाली की तेच पंखे काहीच कामाचे राहत नाहीत, तेव्हा माझं पाणी ३१ वर गेलं होतं.
त्या वर्षी मी एप्रिलमध्ये आणलेला मासा गमावला आणि अजूनही वाईट वाटते, कारण त्यात माशाची काहीच चूक नव्हती, मीच घाई केली. म्हणून म्हणते, मँडरिन आणायच्या आधी टाकीला नागपूरचा एक उन्हाळा काढू द्या. बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणा.
जाता जाता, याचा निळा रंग खऱ्या निळ्या रंगद्रव्याचा असतो, बाकी बहुतेक माशांचा निळा म्हणजे उजेडाचा खेळ. त्याच्यासाठी सहा महिने थांबायला हरकत नाही.

खारंपाणी_मानेवाडा:
चार रात्री पाहून लिहून राहिलो. लाल जिलेटीन लावून कोपऱ्यात बसलो, पहिल्या रात्री मोजून सात. सात! जाळी झटकली तर बाऊलमध्ये तीन हलले आणि एक कसलातरी किडा. सिक्सलाइन सकाळी लाइट लागल्याबरोबर त्याच मागच्या काचेवर तोंड मारत होता, इतके दिवस मी कौतुकानं पाहायचो. दुकानदाराला फोन करून नाही सांगितलं. आता पॉड्स कसे वाढवू, आणि सिक्सलाइन काढू कसा, दगड उपसायची इच्छा नाही.

रीफवाला_धरमपेठ:
छान केलं. संपमध्ये एक कप्पा मोकळा करा, त्यात चेटो नावाचं शेवाळ आणि रात्रीचा लाइट, तिथं कोणी खाणारं नाही म्हणून पॉड्स टिकतात आणि पाण्याबरोबर वर येतात. पॉड्सची बाटली रात्री सोडा, तेव्हा स्किमर आणि रिटर्न पंप (संपमधून पाणी वर नेणारा) तासभर बंद, आणि पंधरा दिवसांनी दुसरी. फिल्टरचा कापूस काढून टाका, त्यात अडकून मरतात.
सिक्सलाइनसाठी अर्ध्या लिटरची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा आत बसवा, आत मायसिसचा तुकडा. रात्री तो दगडाच्या भोकात चिकट कोष करून झोपतो, तेव्हा नाही सापडणार. सकाळी उपाशी असतो तेव्हा बाटली त्याच मागच्या काचेजवळ ठेवा. पकडला की सांगा, माझ्या दुसऱ्या टाकीत जागा आहे, मी येऊन घेऊन जाईन.