दात उजळायचेत, पण समोरच्या एका दाताला कॅप आहे. मदत हवी आहे

मंडळी, दिवसाला चार-पाच कप कोरा चहा पिऊन दातांवर डाग पडलेत. खालच्या दातांना आतून तर चक्क तपकिरी रेघ आहे. लिंबू-सोडा घासून पाहिला. (शुद्ध मूर्खपणा! आम्लाने इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजतं आणि ते परत येत नाही, हे नंतर कळलं.) आठवडाभर गार पाणी झोंबत होतं. आता डॉक्टरांना विचारून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं (दात उजळणारं ब्लीच) जेल दातांच्या मापाच्या ट्रेमधून लावायचं म्हणतोय. पण सिरॅमिकची कॅप काही ब्लीचने उजळत नाही, म्हणजे ती एकटीच पिवळी दिसणार! कुणी ब्लीचिंगनंतर कॅप बदलून घेतली आहे का? मध्ये किती दिवस थांबलात? आणि नुसत्या स्केलिंगने (डॉक्टरांकडून दात खरवडून साफ करून घेण्याने) कितपत फरक पडला?