दोघींना सुवर्ण, मग जिंकलं कोण?

परळची खोखोवाली:
काल ऑफिसच्या कँटीनमध्ये बांबू उडीवरून, म्हणजे पोल व्हॉल्टवरून, भांडण झालं. चहा थंड झाला तरी भांडण मिटेना, म्हणून इथे आणतेय.

प्रसंग जुना आहे. २०२३ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स, बुडापेस्ट, महिलांची पोल व्हॉल्ट फायनल. अमेरिकेची केटी मून आणि ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी दोघींनी ४.९० मीटर पार केलं. ४.९५ला दोघींनी तीन-तीनदा बार पाडला. आधीच्या हुकलेल्या उड्यांचा हिशेबही सारखाच निघाला. अशा वेळी नियमात जंप-ऑफ आहे. दोघींना एकेक उडी. दोघी चुकल्या तर बार ५ सेंटिमीटर खाली, दोघींनी मारली तर ५ वर, निकाल लागेपर्यंत. पण खेळाडूंनीच नको म्हटलं तर पंच सक्ती करत नाहीत, पहिला नंबर दोघींचा. केनेडीने विचारलं वाटून घ्यायचं का, मून हो म्हणाली. गळाभेट, दोन सुवर्णपदकं, सगळं स्टेडियम खूश.

मी खूश नाही. कॉलेजात खो-खो खेळले आहे. बरोबरी झाली की अलाहिदा म्हणजे जादा डाव, तरी सुटेना तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे कमी वेळात गडी कोण बाद करतं ते. मे महिना, मातीचं मैदान, नडग्या सोललेल्या, तरी उठायचं. समोरच्या कर्णधाराला जाऊन ‘ढाल सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे’ असं कुणी म्हटलं असतं, तर आमच्या सरांनी तिला घरीच पाठवलं असतं. अंगात उडी शिल्लक असताना थांबायचं, हे मला पटत नाही.

लालबागचा पठ्ठ्या:
शंभर टक्के. गावच्या जत्रेत अर्धा तास नुसती खडाखडी करून कुस्ती बरोबरीत सोडवली की लोक काय करतात माहितीये ना? आणि इनाम अर्धं-अर्धं केलं की पैलवान आतून मिळालेले होते हीच चर्चा. कुस्ती निकालीच पाहिजे.

वसईचे काका:
खोखोवाली ताई, ‘अंगात उडी शिल्लक’ हे तुम्हाला टीव्हीवरून कसं दिसलं? माझी मुलगी पोल व्हॉल्ट करते, म्हणून थोडं सांगतो.

तीस मीटरच्या वर पूर्ण वेगाने धावायचं, हातात चार मीटरहून लांब पोल. शेवटचं पाऊल ठरलेल्या जागी पडलं, तर पोल वाकतो, ताण साठवतो आणि वर फेकतो. पाय थकले की पावलं आखूड पडतात आणि हिशेब चुकतो. मग पोल पुरता उभा राहत नाही, आणि तुम्ही पलीकडच्या गादीवर न पडता अलीकडच्या धावपट्टीवर परत येता. दोन-अडीच मीटरवरून. खो-खोत दमलेला गडी बाद होतो. इथे दमलेली मुलगी हॉस्पिटलात जाते. सगळी फायनल खेळून, ४.९५ला तीनदा आपटून झाल्यावर आणखी उड्या मारा म्हणणं सोपं आहे.

परळची खोखोवाली:
काका, धोका मान्य. पण हाच धोका पहिल्या उडीलाही असतो ना? आणि निकाल लावणारे लावतातच. २०२४, पॅरिस ऑलिंपिक, पुरुषांची उंच उडी. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन दोघे २.३६वर अडकले. ते उडत राहिले. केर जिंकला आणि मैदानभर धावत सुटला. ते धावणं विसरता येत नाही. वाटून घेतलेल्या पदकात ते कुठून येणार?

वसईचे काका:
उंच उडीत पोल नसतो, ताई. असो. तुमचंच उदाहरण पूर्ण सांगा. जंप-ऑफमध्ये २.३८ला दोघे पडले, २.३६ला दोघे पडले आणि केर जिंकला २.३४वर. म्हणजे जी उंची दोघांनीही ओलांडली होती, त्याहून खालची. यात ‘श्रेष्ठ कोण’ ठरलं, की ‘कमी दमलेला कोण’? आणि गंमत बघा, वाटून घेतलं नाही म्हणून मॅकइवेनला लोकांनी हावरा ठरवलं. बुडापेस्टनंतर मूनला ऑनलाइन भेकड म्हणणारेही लोकच. तिला त्यावर जाहीर उत्तर द्यावं लागलं होतं.

दुपारची ठाणे लोकल:
मुद्दा थोडा वेगळा. २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण कतारचा बार्शीम आणि इटलीचा ताम्बेरी यांनी असंच वाटून घेतलं, तेव्हा अर्धं जग रडत होतं. मैत्री, माणुसकी, वगैरे. दोन वर्षांनी दोन बायकांनी तेच केलं तर भेकड? पुरुषांचा पोल व्हॉल्ट १८९६च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे. बायकांना जागतिक स्पर्धेत यायला १९९९ उजाडलं आणि ऑलिंपिकला २०००. एवढी वर्षं दारात उभं केलं आणि आत आल्यावर त्यांनीच दर वेळी जिद्द सिद्ध करायची.

परळची खोखोवाली:
माझ्या तोंडी ते घालू नका. मला बार्शीम-ताम्बेरीचंही पटलं नव्हतं, तेव्हाही कँटीनमध्ये एकटी पडले होते. उलट मी म्हणते, बायकांचा खेळ आहे म्हणून ‘कित्ती गोड’ म्हणू नका, निकाल मागा. याच मूनने २०२२मध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत सँडी मॉरिसला हरवलं. दोघींची उंची ४.८५च होती, पण मूनच्या चुका कमी. तेव्हा कुणी वाटावाटी केली नाही. २०२४ला पॅरिसमध्ये केनेडीने ४.९० मारून सुवर्ण घेतलं, मून ४.८५वर रौप्य. २०२५ला टोकियोत मून पुन्हा ४.९० मारून जगज्जेती. या बायकांना निकाल लावता येतो. म्हणूनच बुडापेस्ट डाचतं.

वसईचे काका:
म्हणजे निकाल लागला की! फक्त त्या रात्री नाही लागला. एका रात्रीवर एवढा भार टाकू नका. रशियाची इसिनबायेव्हा २००९ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत एकही उंची पार न करता बाहेर पडली. सुवर्ण नेलं पोलंडच्या रोगोव्स्काने, ४.७५वर. अकरा दिवसांनी झुरिचमध्ये त्याच इसिनबायेव्हाने ५.०६ मारलं, तो विश्वविक्रम अजून आहे. त्या अकरा दिवसांत ती बाई बदलली होती का?

लालबागचा पठ्ठ्या:
काका, मग स्पर्धाच कशाला घेता? सगळ्यांना पेढे वाटा.

वसईचे काका:
पेढे कसले, साधं पदक वाटायची पंचाईत असते. सांगतो पुढे.

नुसता वाचक:
अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं चाललंय. आपल्याकडे काय?

दुपारची ठाणे लोकल:
व्ही. एस. सुरेखाचा ४.१५चा राष्ट्रीय विक्रम २०१४पासून टिकून होता. २०२२च्या गांधीनगर नॅशनल गेम्समध्ये रोझी मीना पॉलराजने ४.२० मारून तो मोडला. दोघी तमिळनाडूच्या. महाराष्ट्रात मल्लखांबावर उलट्या लटकणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत, त्या पोलकडे का वळत नाहीत हा माझा जुना प्रश्न.

वसईचे काका:
कारण मल्लखांब जागेवर असतो, पोल न्यावा लागतो! विरारच्या गर्दीत चार मीटरचा पोल घेऊन चढून दाखवा. आम्ही स्पर्धेला छोटा हत्ती भाड्याने करतो, मागे पोल बांधून वर लाल फडकं. पोलवर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी ते लिहिलेलं असतं, मुलीचं वजन वाढलं की पोल बदला. किंमत सांगितली तर धागा भरकटेल. पावसाळ्यात गादी भिजते, ती वाळेपर्यंत श्रावण येतो.

आता तो पदकाचा किस्सा. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझी मुलगी आणि दुसरी एक मुलगी सारख्याच उंचीवर अडकल्या, चुकाही सारख्या. मी नियम काढून दाखवला. आयोजक म्हणाले, सुवर्ण एकच आणलंय आणि अंधार पडतोय, जंप-ऑफलाही वेळ नाही. चिठ्ठी टाकली.

परळची खोखोवाली:
चिठ्ठी?? काका, हे तर वाटून घेण्यापेक्षाही वाईट. तक्रार का नाही केलीत? कोण जिंकलं?

वसईचे काका:
समोरची. माझी मुलगी त्या दिवशी त्या समोरच्या मुलीच्याच पोलवर उडत होती, आमचा घरी तडकलेला. येताना छोट्या हत्तीचं भाडंही दोघांत होतं. तक्रार कुणाविरुद्ध करू?

लालबागचा पठ्ठ्या:
म्हणजे पोल वाटून, टेम्पो वाटून, आणि पदक एकटीला.

परळची खोखोवाली:
पठ्ठ्या, तू माझ्या बाजूने आहेस ना?